बायोडेटा वाचून या की जरा!

नोकरीच्या मुलाखतीची तयारी फक्त आम्हीच करायची का? कंपनीची वेबसाइट पालथी घालायची, जाहिरातीतल्या एकेका अटीसमोर आपलं काम मांडून बघायचं, शर्टाला इस्त्री मारून वेळेआधी हजर राहायचं. आणि समोरचे साहेब? आपण खुर्चीत टेकल्यावर बायोडेटा पहिल्यांदा उघडणार. नजर कागदावर, एक डोळा मोबाइलवर, आणि तोंडाने, "हं, सांगा स्वतःबद्दल." अहो, तुमच्या अंगठ्याखाली जी ओळ दबलीये ना, तेच सांगतोय मी!

मग तो लाडका प्रश्न, "तुमचा एखादा दोष सांगा." खरं बोललं तर पत्ता कट, "मी फार परफेक्शनिस्ट आहे" म्हटलं की दोघांनीही खोटं हसायचं. सगळ्यांना तेच ठरलेले, कामाशी संबंधित प्रश्न विचारले तर माणसाचा अंदाज जास्त बरा येतो, हे श्मिट आणि हंटर या संशोधकांनी १९९८ सालीच मांडलंय. पण तेवढा गृहपाठ कोण करणार!

आणि शेवटी काय, तर "कळवतो." कधी? फोन केला की "प्रोसेस चालू आहे." नकार कळवायला एका ओळीचा मेल पुरतो हो, तेवढाही टाइप करवत नाही यांना!