सही नाही, म्हणून सुनावणीही नाही?

गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरणारा एक मजकूर मला एकाच दिवशी तीन ठिकाणांहून आला. त्याचा आशय असा : भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, परदेशी माणसाला आपल्या राज्यघटनेचे हक्क नाहीत, आश्रयाची मागणी सरकारने फेटाळली की विषय संपला, ‘भारत ही धर्मशाळा नव्हे’ असे खुद्द सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर याचिका करणे हा वेळकाढूपणा आहे, आणि जगात कोणताही देश असले लाड करीत नाही. यातले पहिले विधान खरे आहे आणि बाकीची चारही त्याच्याच खांद्यावर बसून आली आहेत.

सहीचा मुद्दा आधी घेऊ. १९५१ चा करार आणि १९६७ चा त्याचा पूरक मसुदा, दोन्हींत भारत नाही. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे तो बंधनकारक करणारी अंतिम मान्यता, अद्याप दिलेले नाही. मात्र नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ पासून आहे, हे मजकूर लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे वगळले. तसेही आपल्याकडे करार सहीने आपोआप देशाचा कायदा होत नाही. त्यामुळे सही नाही म्हणून न्यायालयाला अधिकार नाही, हा तर्क मुळातच लंगडा आहे. न्यायालयाचा अधिकार करारातून नव्हे, राज्यघटनेतून येतो.

आणि राज्यघटना शब्द जपून वापरते. अनुच्छेद १९ मधले हक्क ‘नागरिकां’ना आहेत, समानतेचा अनुच्छेद १४ आणि जीवित व स्वातंत्र्याचा अनुच्छेद २१ मात्र ‘व्यक्ती’बद्दल बोलतात. अरुणाचल प्रदेशात आश्रयाला आलेल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जिवाचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे स्पष्ट सांगितले. ज्यांच्या घरात पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला एखादा पुतण्या आहे, त्यांनीही हा मजकूर मला पाठवला, याची गंमत वाटते. कायद्याच्या नजरेत तो पुतण्याही परदेशीच.

या विषयातला एक जुना खटला आपल्या गोव्याचाच आहे. गोवामुक्तीनंतर १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने इथल्या लोकांना भारतीय नागरिकत्व मिळाले आणि ज्यांना पोर्तुगीज नागरिकत्व राखायचे होते, त्यांना तसे लेखी कळवण्याची मुभा राहिली. रेव्हरंड मोंतेरो या पाद्रींनी तसे कळवले. त्यांची परदेशी म्हणून नोंद झाली, राहण्याचा परवाना १९६४ मध्ये संपला, देश सोडण्याचा आदेश निघाला, तो त्यांनी मानला नाही आणि खटला उभा राहिला. ‘मोंतेरो विरुद्ध गोवा राज्य’ या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला (गोवा तेव्हा राज्य नव्हते, पण शीर्षक तेच आहे). व्याप्त, म्हणजे परक्या सैन्याच्या ताब्यातल्या, प्रदेशातून लोकांना हाकलण्यास युद्धकाळातल्या नागरिकांविषयीचा चौथा जिनिव्हा करार मनाई करतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९६९ मध्ये ते हरले. गोवा भारतात सामील झाल्यावर ‘व्याप्त प्रदेश’ ही अवस्था संपली, आणि जिनिव्हा करारांविषयीचा १९६० चा कायदा व्यक्तीला दाद मागण्याचा हक्क देत नाही, असे न्यायालयाने ठरवले. हा निकाल मजकुराच्या बाजूचा दिसेल, आणि काही अंशी आहेही. पण हरण्याआधी त्या पाद्रींचे म्हणणे खालपासून वरपर्यंत पूर्ण ऐकले गेले. ‘तुम्ही परदेशी, तुमचे ऐकायचेच नाही’ असे कोणीही म्हटले नाही. शिवाय त्यानंतर कायदा तिथेच थांबलेला नाही. मनेका गांधी प्रकरणाने १९७८ मध्ये अनुच्छेद २१ खालची कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असावी, हे पक्के केले. विशाखा प्रकरणाने १९९७ मध्ये, देशातल्या कायद्याशी विसंगत नसलेल्या आंतरराष्ट्रीय करारांच्या प्रकाशात मूलभूत हक्कांचा अर्थ लावण्याची वाट मोकळी केली.

आता धर्मशाळेविषयी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हे उद्गार निघाले, हे खरे. ते तोंडी होते, आणि प्रकरण होते यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली शिक्षा झालेल्या एका श्रीलंकन नागरिकाचे. याहून वजनदार आधार मजकूर लिहिणाऱ्याला सापडला असता : ८ एप्रिल २०२१ चा, जम्मूतल्या रोहिंग्यांच्या अर्जावरचा आदेश. त्यात न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला आणि हद्दपार न होण्याचा हक्क हा देशात वास्तव्य करण्याच्या, म्हणजे केवळ नागरिकांच्या, हक्काला जोडलेला आहे, असे म्हटले. माझ्या मते ही जोडणी चुकीची आहे. ‘मला इथे राहू द्या’ आणि ‘मला जिथे मारतील तिथे पाठवू नका’ या दोन मागण्या वेगळ्या आहेत. दुसरी मागणी तिसऱ्या देशात पाठवूनही पूर्ण होते. पण त्याच आदेशात अनुच्छेद १४ आणि २१ बिगर-नागरिकांनाही लागू आहेत, आणि विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय कोणाला हद्दपार करता येणार नाही, असेही लिहिले आहे. ते वाक्य कोणी पुढे पाठवत नाही.

उच्च न्यायालये या फरकाकडे अधिक बारकाईने पाहतात. ताब्यात असलेल्या दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने, माणसाला धोक्याच्या जागी परत न ढकलण्याचे तत्त्व अनुच्छेद २१ मध्ये सामावलेले आहे, मात्र त्या व्यक्तीमुळे देशाच्या सुरक्षेला बाध येता कामा नये, असे म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ च्या अखेरीस, शिक्षा झालेल्या म्यानमारच्या नागरिकांनाही तिसऱ्या देशात पाठवण्याची शक्यता तपासायला लावली. मणिपूर उच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये, म्हणजे रोहिंग्या आदेशानंतर महिन्याभराच्या आत, म्यानमारमधून आलेल्या सात जणांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाकडे जाण्यासाठी दिल्लीपर्यंत सुरक्षित वाट दिली.

‘सरकारने फेटाळले की संपले’ हे विधान मला सर्वांत खटकते, कारण फेटाळणे कसे असते ते मी पाहिले आहे. एका परदेशी नागरिकाच्या प्रकरणात माझ्या हाती आलेला आदेश एका पानाचा होता : छापील मजकूर, नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारीख यांच्यासाठी रिकाम्या जागा, आणि त्या बॉलपेनाने भरलेल्या. मायदेशी उतरताच अटक होईल, असे त्या माणसाने सहा पानी निवेदनात सकारण लिहिले होते. आदेशात त्या कारणांचा उल्लेखही नव्हता. ‘सर्व बाबींचा विचार करून’ ही ओळ मात्र छापीलच होती. न्यायिक पुनर्विलोकन म्हणजे त्या ओळीवर बोट ठेवणे. मुंबई उच्च न्यायालयाचे पर्वरीला बसणारे गोवा खंडपीठ कोणाला आश्रय देत नाही. ते फाइल मागवते आणि विचारते की निवेदन वाचले का, माणसाला बोलू दिले का, कारणे कुठे आहेत. समाधान झाले नाही, तर प्रकरण बहुधा पुन्हा त्याच अधिकाऱ्याकडे जाते. निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्यांची प्रकरणे कशी तपासावीत, याची कार्यपद्धती केंद्रीय गृह मंत्रालयानेच २०११ मध्ये आखली आहे. ती पाळली का, एवढे विचारण्यात कसले लाड? १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याची जागा आप्रवास आणि परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्याने घेतली आणि सरकारचे अधिकार आजही विस्तृत आहेत. पण सरकारचे निर्णय तपासण्याची अनुच्छेद २२६ खालची उच्च न्यायालयांची ही शक्ती राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, असे १९९७ मध्येच ठरले आहे.

जगाबद्दल थोडक्यात. हाँगकाँगलाही १९५१ चा करार लागू केलेला नाही. तरीही तिथल्या अंतिम अपील न्यायालयाने २००४ मध्ये, छळाची भीती सांगणाऱ्या एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या प्रकरणात, असे दावे सरकारने स्वतः आणि अत्यंत न्याय्य पद्धतीने तपासलेच पाहिजेत, असे बजावले. तिथे २०१४ पासून त्यासाठी एकत्रित छाननीची व्यवस्था आहे. तिच्यातून फेटाळले गेलेले लोक पुन्हा न्यायालयात जातात, त्यातल्या बहुतेकांच्या पदरी काही पडत नाही, आणि विलंबाची तक्रार तिथेही होते.

विलंबाची तक्रार खोटी नाही. काही याचिका केवळ दिवस काढण्यासाठी असतात आणि त्या पहिल्याच तारखेला ओळखू येतात, फेटाळल्याही जातात. पण जमिनीच्या वादात चुकीचा ताबा परत मिळवता येतो. दाबोळी विमानतळावरून विमानात बसवलेला माणूस उतरल्यावर तुरुंगात गेला, तर पर्वरीचा आदेश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून अशा याचिकेत वकिलाची पहिली विनंती सुटकेची नसते, आश्रयाचीही नसते. पुढील तारखेपर्यंत अर्जदारास देशाबाहेर पाठवू नये, एवढीच ती असते.