पूल का पडला ते मॉथमॅनला विचारू नका

अमेरिकेतल्या रस्त्यांकडेला उभ्या असलेल्या चित्रविचित्र पुतळ्यांबद्दल एक मजकूर कायम फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: या प्रत्येक पुतळ्यामागे तिथल्या मूलनिवासींची शेकडो वर्षांची दंतकथा आहे, वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंट या गावी मॉथमॅन, म्हणजे पंखांचा, लाल डोळ्यांचा माणसासारखा प्राणी दिसला आणि पाठोपाठ पूल कोसळला, तो का कोसळला हे आजवर कुणाला कळलेलं नाही, मुळात त्या गावाला शॉनी या मूलनिवासी जमातीच्या एका सरदाराचा शाप आहे, आणि एवढ्या लोकांनी पाहिलं म्हणजे काहीतरी असणारच. पुतळे बघायला जरूर जावं, वाट वाकडी करून जावं. पण या मजकुरावर विसंबून नको.

आधी पूल, कारण तिथे माणसं मेली आहेत. ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ ला संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ जण गेले. कारण कळलं नाही म्हणे! तपास करणाऱ्यांनी नदीतून तुकडे काढले, जमिनीवर मांडून जुळवले आणि नेमकी कुठली पट्टी आधी तुटली इथपर्यंत पोहोचले. १९२८ साली बांधलेला हा झुलता पूल तारांच्या दोरांवर नव्हे, तर दोन्ही टोकांना भोकं असलेल्या पोलादी पट्ट्यांच्या साखळीवर तोललेला होता. त्यातल्या ३३० क्रमांकाच्या पट्टीत, भोकाच्या आतल्या कडेला, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर होती. गंज आणि सततचा ताण यांनी मिळून ती वर्षानुवर्षं वाढवली. साखळीच्या प्रत्येक दुव्यात पट्ट्या दोनच. एक तुटल्यावर दुसरी खिळीवरून निसटली, दुवा सुटला आणि सगळा पूलच खाली आला. चीर सांध्याच्या आत होती. सांधा सुटा केल्याशिवाय ती कुणालाच दिसली नसती. शिवाय पुलाचा आराखडा झाला तो फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या जमान्यात, आणि पडला तेव्हा त्यावरून दुपटीहून जड गाड्या जात होत्या. याच अपघातानंतर अमेरिकेत पुलांच्या नियमित तपासणीचे देशव्यापी नियम आले. मॉथमॅनची गोष्ट सांगताना नेमका हाच भाग गळतो, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

‘पाठोपाठ’ हा शब्दही तपासून घ्यावा. मॉथमॅन पहिल्यांदा गाजला तो १५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्रीमुळे, म्हणजे पुलाच्या तेरा महिने आधी. पुलाशी त्याची गाठ पक्की झाली ती १९७५ च्या एका पुस्तकामुळे आणि २००२ मध्ये त्यावरून निघालेल्या चित्रपटामुळे. मॉथमॅनचा उत्सव २००२ चा, लाल डोळ्यांचा चकचकीत स्टीलचा पुतळा २००३ चा. पुलावर गेलेल्यांचं स्मारक त्याच गावात आहे, पण ते वेगळं.

शापाचं काय? शॉनी सरदार कॉर्नस्टॉक याला १७७७ मध्ये पॉइंट प्लेझंटच्या किल्ल्यात अडकवून ठेवलं होतं आणि तिथेच सैनिकांनी त्याला आणि त्याच्या मुलाला मारलं. हा इतिहास आहे. त्यावर शापाची फोडणी दिली की मारणारे बाजूला राहतात आणि दोनशे वर्षांच्या अपघातांचं खापर मारल्या गेलेल्या माणसावर फुटतं. मला हे किळसवाणं वाटतं.

एवढ्या लोकांनी पाहिलं, याचं उत्तर ‘सगळे खोटारडे’ असं नाही. १५ नोव्हेंबरच्या त्या रात्री गाडीतून जाणाऱ्या दोन तरुण जोडप्यांनी महायुद्धातल्या दारूगोळ्याच्या जुन्या कारखान्यापाशी पंखवालं, लाल डोळ्यांचं काहीतरी पाहिलं. ते घाबरले हे खरंच. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका जीवशास्त्रज्ञाने तेव्हाच सँडहिल क्रेन सुचवला होता: माणसाच्या छातीपर्यंत येणारा क्रौंच, डोळ्यांजवळ लाल कातडी. कुणी घुबड म्हणतं. गाडीच्या दिव्यात घुबडाचे डोळे लाल चमकतात. मात्र दुसऱ्याच दिवशी बातमी छापून आली, आणि त्यानंतर अंधारात जे दिसेल ते तेच दिसू लागलं.

आणि बघ्यांच्या संख्येवरच जायचं, तर विस्कॉन्सिनमधल्या राइनलँडरचा होडॅग हा शिंगांचा कल्पित प्राणी घ्या. यूजीन शेपर्ड नावाच्या लाकूडधंद्यातल्या गृहस्थाने १८९६ मध्ये तो ‘जिवंत पकडून’ जत्रेत आणला. लोकांनी तिकीट काढून, अंधाऱ्या तंबूत, लांबून पाहिला आणि पाहिल्याची साक्षही दिली. होता तो लाकडाचा, वरून कातडं आणि शिंगं, आत हलवायला तारा. स्मिथसोनियन या नामांकित संग्रहालय-संस्थेचे लोक बघायला येणार म्हटल्यावर शेपर्डने थाप कबूल केली. गावाने राग धरला नाही. आज तिथल्या शाळेचे संघ होडॅग म्हणवतात आणि हिरवागार पुतळा रुबाबात उभा आहे.

आता शेकडो वर्षांची दंतकथा. एक गोष्ट मान्य: वायव्य किनाऱ्यावरच्या जमातींमध्ये रानातल्या महाकाय जिवांच्या कथा खरोखर जुन्या आहेत. पण ‘बिगफूट’ हे नाव गाजलं ते १९५८ मध्ये, कॅलिफोर्नियात रस्ता बांधताना बुलडोझरभोवती उमटलेल्या पावलांमुळे. तिथला कंत्राटदार रे वॉलेस २००२ मध्ये वारल्यावर घरच्यांनी ती पावलं उमटवायचे लाकडी पाय बाहेर काढले.

कित्येक पुतळ्यांमागे तर मूलनिवासींची दंतकथाही नाही. रूट ६६ या जुन्या महामार्गावरच्या, ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफमधल्या एका कॅफेसाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कुऱ्हाडवाला पॉल बनियन, म्हणजे अमेरिकी लोककथांमधला अवाढव्य लाकूडतोड्या, बनला. मग कॅलिफोर्नियातल्या इंटरनॅशनल फायबरग्लास कंपनीने त्याच साच्यातून देशभर दैत्य पाठवले. असा पुतळा भेटला तर हात बघा: एक तळवा वर, दुसरा खाली, कुऱ्हाड धरण्यासाठी. कुऱ्हाड काढून कुणी सायलेन्सर दिला, कुणी आणखी काही. इलिनॉयमधल्या विल्मिंग्टनला त्याच हातांत रॉकेट आणि डोक्यावर हेल्मेट देऊन जेमिनी जायंट झाला. तो २०२४ मध्ये लिलावात २,७५,००० डॉलरला गेला, आणि घेणाऱ्यांनी तो गावातच ठेवला.