वजन(तोळा)

आमचे एक सराफ ग्राहक आहेत. शेठच्या तोंडी तोळा, बिलावर ग्रॅम आणि जुन्या चिठ्ठ्यांवर मासे नि गुंजा. त्यांचा हिशेब पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये बसवताना मनात आलं, साधा न्यूमेरिक, म्हणजे आकड्यांचा, कॉलम कोणीही करेल. आपण स्वतःचा डेटा टाइपच, म्हणजे माहितीचा नवा प्रकारच, करू. वजन(तोळा), वजन(ग्रॅम). व्हारकॅर(१०), म्हणजे दहा अक्षरांपर्यंतचा मजकूर, चालतं, मग हे का नाही? चालतं की. आवृत्ती ८.३ पासून रीतसर सोय आहे.

टाइप बनवायला त्याची इनपुट-आउटपुट फंक्शन्स, म्हणजे लिहिलेलं वाचून घेणारं आणि साठवलेलं छापणारं, लागतात आणि ती फंक्शन्स लिहायला टाइप आधी असावा लागतो. म्हणून आधी नुसत्या नावाचा पोकळ टाइप जाहीर करायचा. बारसं आधी, मूल मागाहून.

मग कंसातलं ‘तोळा’, म्हणजे टाइपचा मॉडिफायर, वाचणारं फंक्शन. त्यानं वाचावं काहीही, परत द्यायचा एकच पूर्णांक, तोही ऋण नको; कारण -१ म्हणजे ‘कंसच नव्हता’. झालं, तोळा १, ग्रॅम २. यात कमीपणा नाही. व्हारकॅर(१०) तरी आतून १४च असतो, चार बाइटांचं हेडर धरून.

टेबल केलं, पहिली ओळ घातली. इनपुट फंक्शनच्या हातात मॉडिफायर काय पडला? -१. कॉलमवर ढळढळीत तोळा लिहिलाय, तरी! इन्सर्ट या ओळ घालायच्या आज्ञेतला मजकूर आधी ‘असंच कुठलंतरी वजन’ म्हणून वाचतात. मग त्याला कॉलमात बसवायला वजनापासून वजनापर्यंतचा कास्ट, म्हणजे रूपांतर, आपणच लिहायचा. शेजारच्या सहकाऱ्यानं स्क्रीनकडे पाहिलं आणि माझ्यापुढे पाण्याची बाटली सरकवली. कॉपी या आज्ञेनं अख्खी फाईल ओतली तर मात्र इनपुट फंक्शनला खरा आकडा मिळतो. म्हणजे दोन्ही वाटांवर पहारा आलाच. फंक्शनच्या पॅरामीटरला वजन(तोळा) लिहा, तिथे कंस गळूनच पडतो. हूं की चूं नाही.

खरा घाव घातला आउटपुट फंक्शननं. त्याला फक्त मूल्य मिळतं, मॉडिफायर नाहीच. आत मी मिलिग्रॅम साठवलेले; ते तोळ्यात छापायचे की ग्रॅममध्ये, त्या बिचाऱ्याला कळणार कसं? म्हणजे एकक प्रत्येक मूल्याच्या पोटातच घालायचं. मग कंसातला तोळा काय शोभेला?

तेही केलं. सगळं सी भाषेत लिहिलं, कम्पाइल केलं, लॅपटॉपवर वजन(तोळा) दिमाखात चाललं. मग वेळ आली शेठच्या सर्व्हरची. तो क्लाउडवरचा, भाड्याचा. असा टाइप फक्त सुपरयुझरला, म्हणजे डेटाबेसच्या सर्वाधिकाऱ्याला, करता येतो आणि तो अधिकार क्लाउडवाले देत नाहीत. माझी कम्पाइल केलेली फाईल तिथे ठेवायला कोनाडाही नाही.

सध्या तिथे दोन कॉलम आहेत : न्यूमेरिक(१२,३) आणि शेजारी एकक. शेठ खूश आहेत. एवढंच म्हणाले, “जुना दागिना आला तर तोळा ११.६६४ ग्रॅमचा धरा, नवा असला तर १० चा. आणि दागिना जुना की नवा, ते मी बघून सांगत जाईन.”