कुठले जाधव, कुठले वॉशिंग्टन

मागच्या महिन्यात अंबाजोगाईहून दादाने एका कागदाचा फोटो पाठवला. तहसीलमधून काढलेली निजामकाळातली उर्दू नोंद, आणि तिच्याखाली एका निवृत्त मास्तरांनी निळ्या शाईत करून दिलेलं मराठी: 'मारुती वल्द सखाराम, कुणबी.' २०२३ च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून दादा या कागदाच्या मागे होता. त्याला 'कुणबी' हा शब्द हवा होता, तो मिळाला. मी मात्र त्या ओळीत जे नाही तिथेच अडकले. मारुती, सखारामचा मुलगा, म्हणजे आमचे पणजोबा. त्यांच्या नावापुढे 'जाधव' नाही.

लहानपणापासून आम्ही ऐकत आलो की आपण सिंदखेडचे जाधव, जिजाऊंच्या माहेरचे. लखुजीरावांचं नाव घरात असं घेतलं जायचं की जणू ते कालपरवापर्यंत ओसरीवर बसत होते. आणि कागद पाहावा तर आजोबांच्या शाळेच्या दाखल्याआधी आमच्या घराला आडनावच दिसत नाही. दाखल्यावर ते कुणी घातलं, मास्तरांनी की पणजोबांनी सांगितलं म्हणून, हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

मी व्हर्जिनियात अलेक्झांड्रियाला राहते. आमच्या शेजारच्या बाईंचं आडनाव वॉशिंग्टन. वय ऐंशीच्या पुढे, शाळेत शिक्षिका होत्या, कृष्णवर्णीय. पहिल्या भेटीत मी भाबडेपणाने विचारलं होतं, "म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या घराण्यातल्या का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "या देशात वॉशिंग्टन आडनावाचं माणूस भेटलं तर ते बहुधा माझ्यासारखंच दिसेल." ते खरंच आहे. २००० च्या जनगणनेत हे आडनाव लावणारे १,६३,०३६ लोक होते आणि त्यातले सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचं मूल नव्हतं. नाव चाललं ते बहुतांशी गुलामांच्या लेकरांनी चालवलं.

त्यांच्याकडे एक फाइल आहे. एका दुपारी त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर उघडली. १८७० च्या जनगणनेच्या एका पानाची झेरॉक्स होती. त्यांच्या खापरपणजोबांचं नाव, आडनाव, वय, रंगाच्या रकान्यात 'बी' (ब्लॅक) हे अक्षर, आणि 'लिहिता येत नाही' या रकान्यात एक बारीक रेघ. त्याच्या मागे १८६० चं पान. त्यावर गुलामांची वेगळी यादी, मालकाच्या नावाखाली: वय, लिंग, रंग. नावाचा रकानाच नाही. बाईंनी त्या पानावर एका ओळीशी पेन्सिलीने फिकट प्रश्नचिन्ह केलं होतं. वय आणि लिंग जुळतं म्हणून हे आपले खापरपणजोबा असतील, एवढाच आधार. दहा वर्षांत माणूस आकड्याचा नावाचा झाला, आणि त्याच्या आधीचं सगळं त्या प्रश्नचिन्हापाशी थांबतं. मी माझ्या 'मारुती वल्द सखाराम'चा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे निदान बापाचं नाव आहे."

लोकांना वाटतं की गुलामांनी मालकाचं आडनाव लावलं आणि विषय संपला. तसं नाही. कित्येकांनी मालकाचं नाव मुद्दाम टाळलं. कित्येक आपसात एक नाव चालवत होते, मालकाला त्याचा पत्ताही नव्हता. गुलामीत जन्मून पुढे मोठे शिक्षणतज्ज्ञ झालेले बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आत्मचरित्रात आपली गोष्ट सांगितली आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरी चालू होती. प्रत्येक मुलाला दोन-दोन, तीन-तीन नावं, आणि या पोराला नुसतं 'बुकर'. पाळी येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं, आणि मास्तरांनी नाव विचारल्यावर शांतपणे सांगितलं: बुकर वॉशिंग्टन. हॅरी नावाचा गुलाम १७७६ मध्ये माउंट व्हर्ननमधून, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या मळ्यातून पळाला, इंग्रजांकडे गेला, नोव्हा स्कोशियामार्गे १७९२ मध्ये सिएरा लिओनला पोहोचला. ज्याच्या तावडीतून सुटला त्याचंच नाव त्याने लावलं: हॅरी वॉशिंग्टन. याला गुलामी म्हणायचं की हक्क सांगणं? मला तो हक्क वाटतो.

साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमधली ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आठवल्याशिवाय मला बुकरची हजेरी वाचता येत नाही. भिवा रामजी आंबेडकर. मूळचे सकपाळ, आंबडवे गावावरून आंबडवेकर, आणि पुढे एका शिक्षकाने आपलं आडनाव दिलं असं चरित्रकार सांगतात. बुकर टी. वॉशिंग्टन १९१५ च्या नोव्हेंबरात गेले, तेव्हा हाच भिवा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होता.

आता दादाचं म्हणणं. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यात माणसं आडनाव पाहून बोलायची की नाही ते ठरवू लागली. पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या नेमप्लेटवर नुसतं पहिलं नाव ठेवायला लावलं. दादा म्हणतो, "नुसते पोलीस कशाला? सगळ्यांचीच आडनावं काढा. झंझट मिटेल."

पोलिसांपुरतं मला ते पटतं, मनापासून पटतं. तक्रार घेऊन ठाण्यात आलेल्या बाईने समोरच्याच्या छातीवरची पट्टी वाचून आपलं काम होईल की नाही याचा अंदाज बांधावा, ही वेळ येताच कामा नये. नाव झाकल्याने दुबळ्याचं रक्षण होतं याचा पुरावाही इथे आहे. बोस्टन आणि शिकागोत नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० खोटे अर्ज पाठवून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये छापून आला. सारख्याच अर्जांवर गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी आली.

पण 'सगळ्यांचीच काढा' म्हणताना दादा एक गोष्ट विसरतो. एका हाताने तो जुन्या दप्तरातून जात शोधतो आहे आणि दुसऱ्या हाताने आडनाव पुसायला निघाला आहे. आडनाव काढलं तरी गाव विचारतील, गल्ली विचारतील, कुलदैवत विचारतील. इथे मराठी कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत मला पाच मिनिटांत प्रश्न येतो, "जाधव? कुठले जाधव?" आणि विचारणारा माझ्याकडे पाहत राहतो. 'सिंदखेड' म्हटलं की त्याचे खांदे सैल पडतात. सिॲटल शहराने २०२३ च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभावाला बंदी घातली. कॅलिफोर्नियातल्या तशाच विधेयकावर त्याच वर्षी ऑक्टोबरात गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला. तेव्हा आपलीच कितीतरी माणसं तावातावाने म्हणाली की इथे जात नाहीच. रांगेतला तो प्रश्न मग कशाचा असतो?

डेव्हिड ब्रॅडली यांची 'द चेनीसव्हिल इन्सिडेंट' ही १९८१ ची कादंबरी मला शेजारच्या बाईंनीच वाचायला दिली. तिचा नायक जॉन वॉशिंग्टन, इतिहासाचा प्राध्यापक, कृष्णवर्णीय. बाप मोझेस याच्या मृत्यूचं कोडं सोडवायला तो पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या गावी परततो. रंगीबेरंगी कार्डांवर तारखा, घटना लिहीत राहतो. पळून आलेल्या आणि पकडले जाण्यापेक्षा मरण पत्करलेल्या गुलामांपर्यंत तो पोहोचतो, पण कार्डं एका जागी येऊन मुकी होतात. पुढचं त्याला कल्पनेने सांगावं लागतं. तो ते सांगतो, रात्रभर, एका गोऱ्या बाईला, आणि शेवटी कागद जाळून टाकतो. पुस्तक मिटल्यावर मला आमचं सिंदखेड आठवलं. आमच्या घरानेही मुक्या जागी गोष्टच भरली. फरक एवढाच की जॉनच्या गोष्टीने कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवलं नाही. आमच्या गोष्टीने ठेवलं.

सातवीत आमच्या वर्गात दोन जाधव होत्या. दुसरी माझी जिवाभावाची मैत्रीण. ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा आईने चहा टाकता टाकता विचारलं, "कुठले जाधव गं तुम्ही?" तिने वस्तीचं नाव सांगितलं. आईने काही म्हटलं नाही. तिला चहा कान तुटलेल्या कपात दिला, आणि ती गेल्यावर तो कप मोरीपाशी पालथा घातला. पुढच्या वेळी तोच कप. तिसऱ्या वेळी ती आली नाही. मी आईला काही बोलले नाही. चांगल्या कपातून चहा प्यायले.

त्या मैत्रिणीने आता आडनाव गाळायचं, म्हणजे नेमकं काय करायचं? तिच्या आजोबांनी पाटीवर पहिलं नाव लिहिलं ते 'जाधव', हे तिनेच मला सांगितलेलं. ते त्यांना सिंदखेडने दिलं नव्हतं आणि आम्हालाही दिलं नसावं. मारुती वल्द सखाराम यांचा मुलगा आणि तिचे आजोबा, दोघेही बिनआडनावाचेच शाळेच्या दारात उभे होते.

माउंट व्हर्ननला १७९९ मध्ये, वॉशिंग्टन गेले त्या वर्षी, ३१७ गुलाम होते. त्यांच्या दफनभूमीत कुणाच्याच नावाचा दगड नाही. गेल्या शरदात शेजारच्या बाईंना मी तिथे घेऊन गेले होते. पानगळ चालू होती. त्या काठी टेकत उतरल्या आणि झाडांकडे पाहून स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने म्हणाल्या, हजेरी दिल्यासारखं.

मी काल आईला फोन केला. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. दादाच्या कागदाचं सांगितलं, त्यात जाधव नाही हेही सांगितलं. मग तो कान तुटलेला कप आठवतो का विचारलं. ती इतका वेळ गप्प राहिली की मला फोन कट झाला वाटलं. मग म्हणाली, "ती पोरगी हल्ली कुठं असते गं? नंबर आहे का तिचा?"