साताऱ्याला किती वाजता निघायचं?

परवा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाई होत्या. मी नमस्कार करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर काका आत शिरले आणि त्यांनीच माझी ओळख करून दिली. नाव नाही, आडनाव नाही, मी पोटापाण्याला काय करतो तेही नाही. म्हणाले, "हे ते. साताऱ्याला साडेतीन तास लागलेले." बाई "अरेरे" म्हणाल्या. तळमजला येईपर्यंत पुढे कुणीच काही बोललं नाही.

पुणे-सातारा म्हणजे जेमतेम ११० किलोमीटर. मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, रविवारी, मुहूर्त साडेअकराचा. पेट्रोल भरायचं, चाकांतली हवा बघायची आणि निघायचं. यात ठरवण्यासारखं काही असतं असं मला शनिवारी रात्रीपर्यंत तरी वाटत नव्हतं. मग बायको कोथिंबीर आणायला खाली उतरली आणि गेटपाशी काकांना सहज म्हणाली, "उद्या साताऱ्याला चाललोय." कोथिंबिरीच्या आधी काका वर आले. चष्मा, पेन आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन.

काकांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचं गाव भुईंजच्या अलीकडे. नोकरीची सगळी वर्षं शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडायची, गावी जायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचं, हा त्यांचा नेम. काकांना गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा नाही. महामार्गाबद्दलचं त्यांचं सगळं ज्ञान ड्रायव्हरच्या मागच्या दुसऱ्या बाकावरून मिळवलेलं आहे, आणि म्हणूनच ते कमालीचं पक्कं आहे.

"किती वाजता निघताय?"

"आठ, साडेआठ."

काकांनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, हे गमतीनं म्हणतायत ना?"

"काका, नकाशा दोन तास पाच मिनिटं दाखवतोय."

"आत्ता दाखवतोय. रात्री साडेनऊला. उद्या लग्नाची तिथ आहे, महाबळेश्वरची गर्दी आहे, कारखाने चालू झालेत, हे त्याला कुणी सांगितलंय?" आणि कागद सरळ करून त्यांनी लिहायला घेतलं. "पाचला स्वारगेट सोडायचं."

"आपण वडगावला राहतो. मी स्वारगेटला कशाला जाऊ?"

"जाऊ नका. पण धरायचं स्वारगेटपासून. तिकीट तिथून लागतं." कोणतं तिकीट, हे विचारायची मला संधी मिळाली नाही. "पाच चाळीस, शिंदेवाडी. सहा, खेड शिवापूर. साडेसहा, शिरवळ. शिरवळला गाडी दहा मिनिटं थांबते."

"गाडी माझी आहे. मी थांबवली तर थांबेल."

"तरी थांबतेच," काका म्हणाले आणि दहा मिनिटं लिहून घेतली. "आता बसायचं कुठं ते ऐका. सकाळी जाताना ऊन डावीकडनं येतं. उजव्या बाजूला बसायचं."

"मी चालवणार आहे काका. उजवीकडेच बसणार."

"मग झालं तर! निम्मं काम झालं." आणि खरोखर कागदावर त्यांनी त्यासमोर बरोबरची खूण केली. "दुसरं, ड्रायव्हरशी बोलू नका."

"मीच ड्रायव्हर आहे."

"तेच म्हणतोय. वहिनी, यांच्याशी बोलू नका."

बायकोने ही एक सूचना तेवढी मनापासून स्वीकारली.

मग रस्ता कुठला, हा विषय निघाला. वडगावातून बाहेर पडलं की नवले पूल समोर, तिथून नव्या बोगद्याने थेट पलीकडे, हे शेंबडं पोरही सांगेल. काकांचं म्हणणं, जुन्या कात्रज घाटाने जा. का, तर नव्या बोगद्यात काही दिसत नाही. म्हणजे मी आधी उलटा कात्रजला जायचं, घाट चढायचा, जुन्या बोगद्यातून जायचं, उतरायचं आणि शिंदेवाडीला येऊन ज्या रस्त्याला मी अर्ध्या तासापूर्वी लागू शकलो असतो त्याच रस्त्याला लागायचं. "पण दरी काय दिसते!" काका म्हणाले. दरी बघायला पहाटे सव्वापाचला उजाडलेलं नसतं, हे मी सांगितल्यावर त्यांनी ती हरकत कागदाच्या समासात नोंदवली, पण निर्णय बदलला नाही.

"खंबाटकीला एक लक्षात ठेवा. जाताना घाट, येताना बोगदा. चुकून जाताना बोगद्यात शिरलात तर समोरून अख्खं कोल्हापूर येतंय."

हे मला ठाऊक नाही असं त्यांना का वाटावं? मी याच रस्त्याने वर्षानुवर्षं जातोय. पण आपल्याकडे एक ठरलेलं आहे: जो गाडी चालवणार तो सोडून बाकी सगळ्यांना रस्ता माहीत असतो. 

सगळ्यात जास्त वेळ टोलवर गेला. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना फास्टॅगचा वार्षिक पास मिळायला लागला, ३००० रुपयांत २०० खेपा किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. काकांनी हे पेपरातून कापून ठेवलं होतं. एक नाका ओलांडला की एक खेप. "खेड शिवापूर एक, आनेवाडी दोन. येताना परत दोन. झाले चार. दोनशे भागिले चार, पन्नास. पन्नास वेळा साताऱ्याला जाऊन येता येईल तुम्हाला!"

"मला पन्नास वेळा साताऱ्याला कशाला जायचंय?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. साताऱ्याला जायला कारण लागतं, हा विचारच त्यांना नवा होता. त्यांनी पुन्हा भागाकार करून पाहिला. मग माझ्याऐवजी बायकोलाच म्हणाले, "आठवड्याला एक धरली तरी दोन फेऱ्या कमी पडतायत, वहिनी."

साडेअकराला काका गेले. कागद फ्रिजवर चुंबकाने लावून गेले.

रविवारी सकाळी साडेसातपासून साताऱ्याहून मावसभावाचे फोन सुरू. "कुठं आलात?" मी दाढी करत होतो. बायकोने सांगितलं, "कात्रज सोडलं." दर रविवारी सकाळी पुण्यातली जितकी माणसं फोनवर कात्रज सोडतात, ती खरोखर तिथे असती तर बोगद्यात पाय ठेवायला जागा उरली नसती. त्यातली निम्मी टॉवेलवर असतात. पलीकडच्यालाही हे माहीत असतं. तोही "आम्ही सगळे तयार होऊन बसलोय" म्हणतो, तेव्हा त्याच्या घरी एकच न्हाणीघर असतं आणि रांग असते. यात कुणी कुणाला फसवत नाही. राग येतो तो खरं बोलणाऱ्याचा. एका मेव्हण्याने एकदा "अजून अंथरुणातच आहे" असं सांगून टाकलं, तर त्याच्याशी दोन महिने कुणी धड बोलत नव्हतं.

आठ चाळीसला गाडी गेटबाहेर काढली. वर गॅलरीत कानटोपी घातलेले काका उभे. घड्याळ नाकाशी धरलेलं. "अहो, अजून इथंच? या वेळेला तुम्ही साताऱ्यात चहा प्यायला पाहिजे होता!" तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. समोरच्या इमारतीतला एक माणूस दात घासता घासता बाहेर आला. त्याचा साताऱ्याशी काहीही संबंध नव्हता, तरी त्यानेही मान हलवली.

खेड शिवापूरच्या पुढे काकांचा पहिला फोन. बायकोने तो स्पीकरवर घेतला.

"शिरवळ?"

"नाही काका, अजून कापूरहोळ."

थोडा वेळ शांतता. मग, "लिहून ठेवतो."

खंबाटकीत एक ट्रक ताशी दहाच्या वेगाने चढत होता आणि दुसरा त्याला ताशी अकराच्या वेगाने ओव्हरटेक करत होता. मागे आम्ही सगळे: वऱ्हाडाच्या बसगाड्या, महाबळेश्वरवाले, डोक्याला फेटे बांधून टेम्पोत उभी असलेली पोरं. सुरूर फाट्याला महाबळेश्वरवाले वळले आणि वाटलं, सुटलो. तिथून ऊस सुरू झाला. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. ऊस इतका ठासून भरलेला की दोन्ही बाजूंचं वाढं रस्ता झाडत चाललेलं. मागे दिवा नाही, रेडियमची एक पट्टी होती, तिच्यावर ऊस लोंबत होता. ट्रॅक्टरवर कर्णे लावून गाणं इतकं मोठ्याने चाललं होतं, की मी दिलेला हॉर्न मलाच ऐकू आला नाही. ट्रॉलीच्या टोकावर एक पोरगा बसला होता. त्याने कांडं दातांनी सोललं, चोयटी आमच्या काचेवर टाकली आणि आम्हाला हात केला. माझ्या बायकोनेही त्याला हात केला. मी केला नाही.

आता थोडं रागाने बोलतो. या रस्त्याचं सहापदरीकरण सुरू झालं ऑक्टोबर २०१० मध्ये. संपायचं होतं मार्च २०१३ मध्ये. जिच्या साखरपुड्याला आम्ही चाललो होतो ती मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिने तेवढ्यात दहावी, बारावी, इंजिनिअरिंग उरकलं, नोकरी धरली, एक सोडून दुसरी धरली, मुलगा पसंत केला. आणि रस्त्यावर कुठे ना कुठे डायव्हर्जनची पाटी भेटतेच. समोरून चुकीच्या बाजूने मोटारसायकल येते, तिच्यावर दुधाचे कॅन. त्या माणसावर तरी किती ओरडणार? त्याचा गोठा पलीकडे आहे आणि सरळ मार्गाने जायचं तर त्याला लांबचा पूल गाठून परत यावं लागतं. १६ फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, सुट्ट्या पैशांची भांडणं गेली, हे कबूल. पैसे कापल्याचा मेसेज गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत येतो. यंत्रणा हवी तेव्हा किती चपळ होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. फक्त ११० किलोमीटरला किती वेळ लागेल, हे त्यातलं कुणी सांगू शकत नाही. दोन तासही लागतील, चारही. म्हणूनच काकांसारख्यांचं फावतं.

वाढे फाट्यावरून आत वळलो तेव्हा बारा वाजून गेले होते. अंगठी बोटात गेली होती, पहिली पंगत उठत होती. मावशीने जवळ घेतलं आणि विचारलं, "किती वाजता निघाला होतात?"

जेवणानंतर हॉलमध्ये पुरुषमंडळी खुर्च्या गोल करून बसली. प्रत्येकाने आपापला विक्रम सांगितला. एकजण पावणेदोन तासांत आला होता. दुसरा दीड. तिसऱ्याने २००८ साली पावसात सव्वा तास घेतला होता, त्याला साक्षीदारही होता, पण तो वारला. मग सगळे माझ्याकडे वळले. परत किती वाजता निघणार? चारच्या आत निघा, म्हणाले मुलीचे चुलते. छे, चारला सगळेच निघतात, रात्री नऊनंतर निघा, म्हणाले मुलाचे मामा. रात्री नको, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. नवा बोगदा सोडल्यावर नवले पुलापर्यंतचा तो उतार, त्यावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे ट्रक, तापलेले ब्रेक. एका पाहुण्याने खिशातला फोन काढून तिथला एक फोटो दाखवला. तो फोन हातोहात फिरला. नंतर कुणी विक्रम सांगितले नाहीत.

"त्यापेक्षा राहाच," मावशी म्हणाली. राहिलो.

रात्री नऊला काकांचा फोन. "पोचला नाहीत अजून? गाडी जागेवर दिसत नाही म्हणून विचारलं."

"राहिलोय काका इथंच. उद्या सकाळी निघू."

"मग बरं झालं. माझा भाचा आलाय साताऱ्याहून. त्याची गाडी तुमच्या जागेवर लावलीय. एक तास चाळीस मिनिटं लागली त्याला." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आणि सकाळी निघताय तर डावीकडे बसा. येताना ऊन उजवीकडनं असतं."