अनुरूप देश पाहिजे

देश सोडायचं ठरलं ना? मग आता घाई अजिबात करू नका. रात्री साडेअकराला, घरातले झोपले की एक्सेल शीट उघडा. डावीकडे देशांची नावं, वर रकाने: कर, व्हिसा, धंद्याचं लायसन्स, शाळा, हवामान आणि 'कढीपत्ता मिळतो का'. गुण देताना शेवटच्या रकान्याला झुकतं माप द्या.

सुरुवात दुबईपासून करा, सगळेच करतात. 'पगारावर आयकर शून्य' हे वाक्य दर लग्नाच्या पंगतीत दोनदा तरी म्हणा. जून २०२३पासून तिथे कंपनीच्या ३,७५,००० दिरहमवरच्या नफ्यावर ९ टक्के कर लागू झालाय, असं कुणी मध्येच बोललं, तर त्याला आग्रह करकरून जिलबी वाढा. २० लाख दिरहमचं घर घेतलं की १० वर्षांचा गोल्डन व्हिसा. अकराव्या वर्षी काय, हे विचारायचं नसतं. जावयाला कुणी पगाराची स्लिप मागतं का?

मग पोर्तुगाल. घर घ्या आणि युरोपात राहा, अशी त्यांची योजना २०१२ साली आली. ऑक्टोबर २०२३मध्ये त्यांनी घराचा मार्ग बंद केला. तुम्ही शीटमध्ये पोर्तुगाल हिरवा रंगवलात तो नोव्हेंबरात. हरकत नाही, पाच लाख युरो फंडात घालायचा मार्ग अजून आहे. फक्त या काळात गोव्याच्या मित्राला फोन करू नका. त्याचे वडील १९६१च्या आधी म्हापशात जन्मले. तेवढ्या भांडवलावर त्याने लिस्बनला नोंद केली, पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि ब्रेक्झिटच्या आधीच इंग्लंडात स्विंडन गाठलं. तुमचे आजोबा जन्मले बांद्याला, गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे. थोडक्यात युरोप हुकला. बरं, नुसते अलीकडे जन्मून गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण १५ ऑगस्ट १९५५ला ते पोर्तुगिजांना हाकलायला सत्याग्रहींबरोबर हद्द ओलांडून गेले. त्याचं मानपत्र हॉलमध्ये टांगलेलं आहे. व्हिसा सल्लागाराशी व्हिडिओ कॉल असेल तेव्हा खुर्ची जरा भिंतीकडून फिरवून घ्या.

कॅनडा येऊ पाहणाऱ्याला बाराशेपैकी गुण देतो. वयाचे पूर्ण गुण एकोणतिशीपर्यंत, पुढे दरवर्षी उतरती कळा, पंचेचाळिशीला शून्य. शीट नीट भरत बसलात तर ही ओळ आपोआप निकालात निघते.

सिंगापूर स्वच्छ, शिस्तीचं. गुंतवणुकीच्या वाटेने जायचं तर किमान एक कोटी सिंगापूर डॉलर आणि पुढे मुलाला सक्तीची दोन वर्षं लष्करी सेवा. अभ्यास बुडेल म्हणून ज्याला एनसीसीत घातलं नाही, तोच हा मुलगा. ही ओळ बायकोच्या नजरेला पडायच्या आत हाइड करा.

एस्टोनिया मात्र बघाच. २०१४पासून ते ई-रेसिडेन्सी देतात. घरबसल्या युरोपात कंपनी काढता येते. राहायची परवानगी तेवढी मिळत नाही. तुमच्याशी छत्तीस गुण जुळणारं स्थळ हेच.

कॅरिबियनमधला चिमुकला सेंट किट्स १९८४पासून पैसे घेऊन थेट नागरिकत्व देतो. आता देणगी अडीच लाख डॉलरपासून पुढे. आपली रिझर्व्ह बँकही माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवू देते, हा योगायोग शुभ मानावा. दहा लाख रुपयांच्या वर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घ्यायचा कर, मागेल, तेव्हा ओटीपी आलाच नाही म्हणून सांगा. शिवाय तिथलं नागरिकत्व घेतलं की आपलं जातं. परदेशी झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर या-जा करता येते, पण मतदान नाही आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही. गेल्या वीस वर्षांत तुम्ही गावच्या बांधावर पाय ठेवलेला नाही. तरीही हे वाचून दोन दिवस हळहळा, बरं दिसतं.

कुटुंबाला सगळ्यात शेवटी विचारा. मुलगी विचारेल, वायफाय किती? आई विचारेल, "तिथे दुपारी माझ्याशी बोलायला कोण असेल रे?" यासाठी रकाना केलेला नसतो. 'इतर'मध्ये टाका.

एवढं करूनही एखादा देश नक्की झालाच, तर तो जन्मदाखला मागेल. माळ्यावरच्या ट्रंकेतून तो काढा. त्यावर आईचं नाव आहे, वडिलांचं आहे, बाळाच्या नावापुढे रेघ. बारशाला आत्या अडून बसली होती, त्याचा हा परिणाम. पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी खिडकीवर जा. साहेब मीटिंगला गेलेत, साडेतीननंतर या, असं कळेल. घरी परतू नका, नंबर जाईल. बाकड्यावर बसा, मोबाइलवर शीट उघडा. उरुग्वे राहिलाय.