अर्जामागून अर्ज टाकून बदनामीचा दावा लटकवता येतो?

एकाच आठवड्यात तीन अशिलांनी मला हा मेसेज पाठवला. त्यात म्हटलंय ते असं: अब्रुनुकसानीचा दावा आला तर समन्स घेऊ नका. घेतलंच, तर अर्जामागून अर्ज टाका. कोर्टाला प्रत्येक अर्ज ऐकावाच लागतो, दावा जागचा हलत नाही. पोस्ट मात्र लगेच काढा, कारण दावा दाखल झाला की ती काढावीच लागते, नाहीतर जेल. आणि कोटींच्या आकड्यांना भिऊ नका, हातात कुणाच्याच काही पडत नाही.

दिवाणी कोर्टात एक सकाळ बसलेला माणूस असं लिहिणार नाही.

समन्सचं आधी. दार उघडलं नाही म्हणून समन्स टळत नाही. बेलीफ ते दारावर चिकटवतो, कुणासमक्ष चिकटवलं ते अहवालात लिहितो, आणि कोर्टाची खात्री पटली की बजावणी झाली. रजिस्टर पोस्टावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा आला तरी तेच. मग दावा एकतर्फा चालतो आणि अशील माझ्याकडे येतो ते थेट दरखास्तीची (निकालाच्या अंमलबजावणीची) नोटीस घेऊन. तेव्हा एकतर्फा हुकूमनामा (दाव्याचा अंतिम निकाल) रद्द करून मागताना ‘समन्स मिळालंच नाही’ म्हणायचं, तर बेलिफाचा अहवाल समोर असतो.

आता अर्ज. कोर्टाला अर्ज ऐकावा लागतो, मंजूर करावा लागत नाही; मेसेजवाल्याची गल्लत इथे आहे. अर्ज दिला की त्यावर बहुधा समोरच्याचं म्हणणं मागवलं जातं. आम्ही त्याला ‘से’ म्हणतो. मुदतीच्या साध्या अर्जावर तर तिथल्या तिथे दोन ओळींत काम होतं: मंजूर, कॉस्ट (खर्चाची रक्कम) भरण्याच्या अटीवर, किंवा नामंजूर. लेखी कैफियतीला (प्रतिवादीच्या लेखी उत्तराला) समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, आणि कोर्टाने कारणं नोंदवून वाढ दिली तर ९० दिवसांपर्यंत. साध्या दिवाणी दाव्यात ही ९० दिवसांची रेघ ओलांडता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटलं खरं, पण अपवाद म्हणून. वेळेत कैफियत नाही आली तर ‘नो डब्ल्यूएस’ची, म्हणजे कैफियतीशिवायच दावा पुढे चालवायची, ऑर्डर होते. ती उठवायला पुन्हा अर्ज, पुन्हा कॉस्ट. सुनावणीत एका पक्षाला तीनहून जास्त तहकुबी देऊ नयेत, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलेलंच आहे.

तारखा पडतात, हे मी कोणत्या तोंडाने नाकारू? बोर्ड (दिवसभरातल्या प्रकरणांची यादी) लांब असतो, साक्षीदार येत नाहीत, आम्ही वकीलही दुसऱ्या कोर्टात अडकलेले असतो. पण त्या दिरंगाईला तुमच्या पोकळ अर्जांची गरज नसते. त्या अर्जांनी होतं काय, तर रोजनाम्यावर (प्रत्येक तारखेच्या कोर्टाच्या नोंदीत) तुमची टाळाटाळ नोंदवली जाते आणि पुढे खऱ्या अडचणीला मुदत मागाल तेव्हा न्यायाधीश तो रोजनामा चाळतात.

एक अर्ज मात्र खरंच वजनदार आहे: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली वादपत्र (वादीचा लेखी दावा) फेटाळण्याचा. त्यात कोर्ट फक्त वादपत्र आणि त्यासोबतची कागदपत्रं पाहतं, तुमचा बचाव नाही. बदनामीच्या दाव्याला मुदत १ वर्षाची आहे आणि मूळ दाव्याला उशीरमाफीचा अर्ज चालत नाही. मजकूर कधी प्रसिद्ध झाला ती तारीख वादपत्रातच असेल आणि वर्ष उलटलेलं दिसत असेल, तर दावा दारातच पडू शकतो. पण म्हणून हा अर्ज टाकून कैफियत न देता बसायचं नाही. आंध्रातल्या राजकारणी आर. के. रोजा यांच्या निवडणूक याचिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दोन्ही गोष्टी सांगितल्या: हा अर्ज आधी निकाली काढा, आणि कैफियतीची हुकलेली संधी परत मिळवायची पळवाट म्हणून तो वापरू देऊ नका.

‘पोस्ट काढावीच लागते’ हे तर सपशेल चूक. दावा दाखल झाला म्हणजे मनाई झाली नव्हे. त्यासाठी वादीला तूर्तातूर्त (निकालापर्यंतच्या) मनाईचा अर्ज द्यावा लागतो, आपल्याकडची ती सुप्रसिद्ध ‘निशाणी ५’. त्यावरही समोरच्याला नोटीस काढायची हा नियम. नोटिशीशिवाय मनाई द्यायची तर कारणं लिहावी लागतात. प्रत्यक्षात घाईने दिलेले हुकूम निघतात, तेही मान्य. दिल्लीच्या कोर्टाने १ मार्च २०२४ ला ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेला झी या माध्यम कंपनीबद्दलचा लेख काढायला सांगितला, उच्च न्यायालयाने तो हुकूम उचलून धरला, आणि २२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रथमदर्शनी बाजू, सोयगैरसोय, न भरून येणारं नुकसान हे तीन शब्दप्रयोग नुसते उतरवून भागणार नाही, मजकूर दुष्ट हेतूचा किंवा उघड खोटा असल्याचं दिसल्याशिवाय सुनावणीआधीच लेखाचं तोंड बंद करू नका, असा त्याचा मथितार्थ. झीला नव्याने अर्ज करायची मुभा ठेवली. म्हणजे निशाणी ५ वर म्हणणं द्यायला उभं राहण्यात अर्थ आहे. मेसेज नेमकं तेच करू नका म्हणतो.

जेल? मनाईचा हुकूम मोडला तर दिवाणी कैद होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत. दावा दाखल झाला म्हणून नाही. बदनामीची फौजदारी तक्रार हा दंडाधिकाऱ्यांपुढचा वेगळा मामला, तो दाव्यात मिसळू नका.

राहिले कोटी. मोठा आकडा लिहिणं महाराष्ट्रात तुलनेने स्वस्त पडतं, कारण कोर्ट फीला २०१८ पासून १० लाखांची कमाल मर्यादा आहे (त्याआधी ३ लाख होती). त्यामुळे बरेच आकडे नुसते दरारा बसवायला असतात, इथवर मेसेज बरोबर. पण ‘हातात काही पडत नाही’ म्हणणाऱ्याने पुण्यातला दावा आठवावा. २००८ मध्ये टाइम्स नाऊ या वृत्तवाहिनीने भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो चुकून १५ सेकंद दाखवला. एप्रिल २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टाने पूर्ण १०० कोटींचा हुकूमनामा दिला. रक्कम मला आजही अवास्तव वाटते. पण वाहिनी अपिलात गेली आणि हुकूमनाम्याला स्थगिती मिळावी म्हणून अर्ज केला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने अट घातली: २० कोटी रोख जमा करा, उरलेल्या ८० कोटींची बँक हमी द्या. वाहिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०११ मध्ये तिथेही ती अट कायम राहिली.